कच्चे मडके

मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. या जिल्ह्याचे नाव पूर्वी उस्मानाबाद होते; २०२३ मध्ये ते बदलले. तेर आज साधेच गाव दिसते, पण ते फार जुने आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याला ‘तगर’ म्हणत. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी प्रवासाच्या पुस्तकात या तगरचे नाव आले आहे. इथले कापड गाड्यांवर लादून दूर भडोचच्या बंदरापर्यंत नेत आणि तेथून ते जहाजाने परदेशी जात असे.

गावात एक शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या परिसरात सापडणाऱ्या जुन्या वस्तू मोठ्या आवडीने जमवल्या होत्या. त्यांचेच नाव या संग्रहालयाला दिले आहे. तेथे जुनी नाणी आहेत, मणी आहेत, मातीच्या मूर्ती आणि मातीची भांडी आहेत. विद्यार्थी मित्रांनो, जरा विचार करा. माती पाण्यात विरघळते हे तुम्हाला ठाऊक आहे. मग ही भांडी इतकी वर्षे जमिनीखाली राहिली, किती पावसाळे त्यांच्यावरून गेले, तरी ती विरघळली का नाहीत? कारण ती भाजलेली आहेत.

कुंभाराचे काम तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. कुंभार चिकणमाती आणतो. तिच्यातले खडे वेचतो. माती भिजवतो, तिच्यात राख किंवा लीद मिसळतो आणि पायांनी ती खूप वेळ तुडवतो. लोण्यासारखी मऊ झाली की तिचा गोळा चाकावर ठेवतो. चाकावरून उतरलेले मडके जाड आणि बसके असते. ते थोडे सुकले की कुंभार आतून गोल दगडाचा आधार देतो आणि बाहेरून लाकडी थापीने हळूहळू ठोकतो. असे ठोकल्याने मडके पातळ, मोठे आणि गोल होते. या लाकडी थापीला ‘थापटणे’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपल्या पाठाची सारी गोष्ट या थापटण्याभोवती फिरते.

मग मडकी सावलीत सुकवतात आणि आव्यात भाजतात. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. उर्दूतही ‘आवा’ हाच शब्द आहे. सगळीच मंडळी बिघडलेली असली तर ‘आवे का आवा बिगडा है’ असे तुमच्या घरचे मोठे लोक म्हणत असतील. भट्टीची उष्णता साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली, की मातीच्या कणांत अडकलेले पाणीसुद्धा निघून जाते. त्यानंतर ती माती पाण्यात पुन्हा मऊ होत नाही. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. कच्च्या मडक्याचा आवाज बद्द येतो. बाजारात माठ घेताना तुमची आई तो वाजवून घेते, ते याचसाठी.

तेर गावात सुमारे सातशे वर्षांपूर्वी गोरोबा नावाचे कुंभार राहत होते. परंपरेने त्यांचा काळ १२६७ ते १३१७ असा सांगतात. ते विठ्ठलाचे भक्त होते, अभंग रचत होते आणि मडकी घडवून पोट भरत होते. त्या वेळच्या संतमंडळींत ते वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना ‘काका’ म्हणत. आजही लोक त्यांना गोरोबाकाका म्हणतात. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे आणि चैत्र महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते.

गोरोबाकाकांची एक फार दुःखाची कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. एकदा ते माती तुडवत होते. तोंडाने विठ्ठलाचे नाव चालू होते आणि डोळे मिटलेले होते. पत्नी पाणी आणायला गेली होती. अंगणात त्यांचे लहान मूल रांगत होते. रांगत रांगत ते चिखलात आले. गोरोबांना भान नव्हते. ते माती तुडवतच राहिले आणि मूल त्यांच्या पायाखाली सापडले.

पत्नी परत आली, तेव्हा तिने जो आक्रोश केला तो कोणत्याही आईने केला असता. पुढे घरात अबोला आला. पत्नीने त्यांना शपथ घातली, की यापुढे मला हात लावायचा नाही. गोरोबांनी ती शपथ पाळली. पण एकदा झोपेत शपथ मोडली गेली आणि त्या पश्चात्तापात गोरोबांनी आपले दोन्ही हात तोडून घेतले, असे कथा सांगते.

‘पश्चात्ताप’ हा शब्द तुम्हाला अवघड वाटेल. ‘पश्चात्’ म्हणजे नंतर आणि ‘ताप’ म्हणजे जळणे. गोष्ट घडून गेल्यावर मनाला जी आग लागते, तो पश्चात्ताप. उर्दूत तुम्ही त्याला ‘पछतावा’ किंवा ‘नदामत’ म्हणता. कथेतल्या गोरोबांचा पश्चात्ताप किती खरा होता, याबद्दल कोणाला शंका येणार नाही. तरीही एक साधा प्रश्न मनात येतो. कुंभाराचे हातच गेले, तर चाक कोण फिरवणार? घर कसे चालणार? लोकांच्या मनातही हा प्रश्न आला असावा. म्हणून तर कथा पुढे सांगते, की स्वतः विठ्ठल वेष पालटून त्यांच्या घरी आला आणि गडी म्हणून राहून मडकी घडवू लागला. काम थांबून चालणार नव्हते, हे कथेलाही मान्य आहे.

आता आपण थापटण्याच्या गोष्टीकडे येऊ.

एके दिवशी गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपान ही भावंडे होती. त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई होती. पंढरपूरचे नामदेव होते. नामदेव जातीने शिंपी. आई गोणाई, वडील दामाशेट. जन्म १२७० चा सांगतात, म्हणजे तेव्हा ते ऐन तरुण होते. विठ्ठलावर त्यांचे इतके प्रेम, की विठ्ठल त्यांच्याशी बोलतो असे लोक म्हणत. त्यांचा सगळीकडे मान होता.

बोलता बोलता मुक्ताबाईचे लक्ष कोपऱ्यातल्या लाकडी थापीकडे गेले. तिने विचारले, “काका, हे काय आहे?”

गोरोबा म्हणाले, “हे थापटणे. मडके कच्चे आहे की पक्के, ते याने कळते.”

मुक्ताबाई म्हणाली, “आम्हीही मातीचीच मडकी. मग आमच्यात कोण कच्चे, ते सांगा बरं!”

गोरोबाकाका उठले. त्यांनी थापटणे हातात घेतले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक थाप मारत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली. डोक्यावर थाप बसताच ते चिडले. मला मारायचे काय कारण, असे त्यांचे म्हणणे. गोरोबांनी थापटणे खाली ठेवले आणि सांगितले, “एवढे मडके कच्चे आहे.”

सगळे हसले. नामदेव उठून थेट पंढरपूरला गेले.

ही कथा ऐकणारे पुष्कळ लोक इथे घाईने पुढे जातात. आपण थोडे थांबू. पंढरपूरला पोचल्यावर नामदेवांनी विठ्ठलापुढे काय केले? ते रडले. पण त्या रडण्यात पश्चात्ताप नव्हता, तक्रार होती. त्यांनी माझा अपमान केला, चारचौघांत मला हिणवले. आपणही असेच करतो. गणितात कमी गुण मिळाले तर पेपर कठीण होता. मित्र तुटला तर तो तसाच होता. ज्याच्याकडे गाऱ्हाणे घेऊन जातो, त्याने आपली बाजू घ्यावी अशी आपली अपेक्षा असते. विठ्ठलाने नामदेवांची बाजू घेतली नाही. कथेतला विठ्ठल म्हणतो, की ते बरोबर बोलले. तुला अजून गुरू भेटलेला नाही.

थाप तर सगळ्यांनाच बसली होती. चिडला एकटा नामदेव. मडके कच्चे असल्याचा पुरावा गोरोबांच्या हातात नव्हता, तो नामदेवांच्या रागातच होता. हे ज्या क्षणी नामदेवांना दिसले, त्या क्षणी तक्रारीचा पश्चात्ताप झाला. आणि त्यांचा प्रश्नही बदलला. ‘मला कोणी हिणवले?’ हा प्रश्न मागे पडला. ‘मला भाजून पक्के कोण करील?’ हा नवा प्रश्न पुढे आला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळून नामदेवांना काहीच करता आले नसते. दुसऱ्या प्रश्नाने त्यांना चालायला लावले.

ते औंढा नागनाथला गेले. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. तेथल्या शंकराच्या देवळात विसोबा खेचर नावाचे गृहस्थ होते. नामदेव आत गेले आणि पाहतात तो काय! विसोबा पिंडीवर पाय ठेवून आरामात पडलेले. नामदेवांना राग आला. त्यांनी पाय काढायला सांगितले. विसोबा म्हणाले, “मी म्हातारा माणूस. जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव.” नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तर तेथे पिंड दिसू लागली. जिकडे पाय न्यावेत तिकडे पिंड. देव एका देवळापुरता, एका गावापुरता नाही, हे नामदेवांना तेथे समजले. विसोबा त्यांचे गुरू झाले. उर्दूत म्हणायचे तर उस्ताद!

या विसोबांचीही एक मागची गोष्ट सांगतात, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. हेच विसोबा पूर्वी ज्ञानेश्वरांच्या भावंडांचा द्वेष करत. एकदा मुक्ताबाईला मांडे भाजायचे होते. मांडे ही एक पातळ, गोड पोळी असते आणि ती उलट्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यावर भाजतात. मुक्ताबाई भांडे आणायला कुंभाराकडे गेली, तर विसोबांनी कोणालाही तिला भांडे देऊ दिले नाही. ती रडत घरी आली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि तिच्यावर मुक्ताबाईने मांडे भाजले, असे कथेत आहे. ते पाहून विसोबांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी मुलांचे पाय धरले. ‘खेचर’ म्हणजे खच्चर. तिरस्काराने मिळालेले हे नाव त्यांनी पुढे आपल्या नावाला जोडून घेतले आणि मिरवले.

म्हणजे पाहा, एका लहान मुलीला मातीचे भांडे मिळू न देणारा माणूस पुढे कच्च्या मडक्यांना पक्के करणारा झाला. विसोबांनी आपली जुनी चूक लपवली असती, तर नामदेवांच्या रागावर ते इतके शांतपणे हसू शकले नसते. तो राग त्यांच्या ओळखीचा होता.

अशा कथा जशाच्या तशा घडल्या असे इतिहासकार म्हणणार नाहीत. महिपती नावाच्या चरित्रकाराने १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ ग्रंथात संतांची चरित्रे लिहिली. त्याआधी आणि त्यानंतरही या कथा कीर्तनांतून लोकांच्या तोंडी राहिल्या. पण नामदेवांनी पुढे जे काम केले, ते कथेपुरते नाही. त्याच्या खुणा आजही दिसतात.

१२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर नामदेव पन्नासहून अधिक वर्षे जगले. एके काळी विठ्ठलाचे देऊळ सोडायला तयार नसलेला हा माणूस उत्तरेत पार पंजाबपर्यंत गेला. गुरुदासपूर जिल्ह्यातले घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी मराठीत अभंग रचले, तसेच हिंदीतही पदे रचली. शिखांच्या ‘गुरू ग्रंथ साहिब’ या पवित्र ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतल्या एका पदात ते देवाला करीम, रहीम, गनी या नावांनी हाक मारतात. हे शब्द तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही! २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते नामदेवांची आठवण म्हणूनच.

आणि पंढरपूरला? तेथे विठ्ठलाच्या देवळाच्या दारात ‘नामदेव पायरी’ आहे. आत जाणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी, अशी त्यांची इच्छा होती म्हणतात. डोक्यावर एक थाप बसली म्हणून उठून गेलेला तरुण तो हाच.

आता तुमच्याकडे येऊ. तुम्ही नववी-दहावीत आहात. पश्चात्ताप फक्त संतांना होतो आणि म्हातारपणी होतो असे समजू नका. तुमच्यापैकी एखाद्याने गेल्या वर्षी बीजगणिताकडे लक्ष दिले नाही आणि आता फळ्यावरची समीकरणे परक्या भाषेसारखी वाटतात. रात्री अंथरुणावर पडले की तो स्वतःला दोष देतो. सकाळी उठतो आणि पुन्हा पुस्तक उघडत नाही, कारण उघडले की लाज वाटते. हा पश्चात्ताप हात तोडणारा झाला. त्याने आठवीचे पुस्तक शोधून काढावे, ज्या धड्यापाशी गाडी अडली तेथून सुरुवात करावी आणि ज्याला येते त्याच्याकडे जावे. तो वर्गातला सर्वांत गप्प मुलगा असेल, किंवा आपला धाकटा भाऊही असेल. मुक्ताबाई त्या सगळ्यांत लहान होती, तरी बोलावे असे तिला वाटले आणि मोठ्यांनी ते ऐकले.

तौबा कशी करावी हे तुम्ही घरी शिकला असाल. नुसते तोंडाने ‘तौबा तौबा’ म्हणून भागत नाही. चूक सोडावी लागते, मनापासून वाईट वाटावे लागते, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा लागतो. आणि कोणाचा हक्क बुडवला असेल तर तो परत द्यावा लागतो. यातले वाईट वाटणे त्या मानाने सोपे असते. परत देणे अवघड. मित्राची खोटी बदनामी केली असेल, तर ज्यांच्यापुढे केली त्यांच्याचपुढे जाऊन खरे सांगावे लागते. पाय जड होतात. नामदेवांचेही औंढ्याच्या वाटेवर झाले असतील.

पण एक प्रश्न याहून कठीण आहे. जे परत देताच येत नाही, त्याचे काय? समजा, एखादी मुलगी आजीशी उद्धटपणे बोलली आणि माफी मागण्याआधीच आजी गेली. आता ती कोणाजवळ जाणार? गोरोबांचे दुःख याच जातीचे होते. अशा वेळी कोणी ‘विसरून जा’ म्हणाले तर ते खोटे वाटते. विसरता येत नाही आणि विसरूही नये. मात्र शेजारी एखादी म्हातारी असते. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. त्या मुलीने तिच्याजवळ रोज दहा मिनिटे बसावे. आजी परत येणार नाही, हे तिला तेथे बसल्यावरही ठाऊक असेल. पण जे शब्द आजीला द्यायचे राहिले, ते कोणाला तरी मिळतील.

गोरोबांच्या कथेचा शेवट आपण सांगितला नव्हता. तो पंढरपूरला होतो. आषाढीची यात्रा होती. वाळवंटात नामदेवांचे कीर्तन चालू होते. नामदेवांनी सगळ्यांना हात वर करून टाळी वाजवायला सांगितली. गर्दीत गोरोबा बसले होते. त्यांनीही आपले थोटे हात वर केले आणि त्यांना पुन्हा हात फुटले. गर्दीतून त्यांचे मूलही रांगत आले, असे कीर्तनकार सांगतात. हा चमत्कार आहे आणि ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे तो ऐकावा. मला त्यात एवढेच दिसते, की गोरोबांचे हात घरात एकटे बसून परत आले नाहीत. ते चार लोकांत जाऊन बसले तेव्हा आले, आणि तेही ज्याला त्यांनी कच्चे मडके म्हटले होते त्याच्या कीर्तनात.

कुंभाराच्या अंगणात सुकत ठेवलेल्या कच्च्या मडक्याला कधी कधी तडा जातो. कुंभार ते फेकून देत नाही. ते फोडून पाण्यात टाकतो. माती पुन्हा मऊ होते, पुन्हा तुडवली जाते आणि पुन्हा चाकावर चढते. भाजलेले मडके फुटले तर मात्र त्याचे खापर होते, त्याची पुन्हा माती होत नाही. तेरच्या संग्रहालयात गेलात तर अशी जुनी भाजलेली माती नीट पाहून घ्या. त्या काळातली कच्ची मडकी तेथे सापडणार नाहीत. ती केव्हाच पुन्हा माती झाली.

स्वाध्याय

१. मुक्ताबाईने गोरोबाकाकांना काय विचारले? त्यातून पुढे काय घडले?

२. ‘पुरावा गोरोबांच्या हातात नव्हता, तो नामदेवांच्या रागातच होता,’ असे लेखकाने का म्हटले आहे?

३. विसोबा खेचर यांच्या आयुष्यातला मांड्यांचा प्रसंग तुमच्या शब्दांत लिहा.

४. कच्चा, पक्का, आवा हे शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. पाठातले असे आणखी पाच शब्द शोधा.

५. तुमच्या गावातल्या कुंभाराकडे जा. तो माती कोठून आणतो, तिच्यात काय मिसळतो आणि मडके पक्के झाले हे कसे ओळखतो, ते विचारून मराठीत दहा ओळी लिहा.